शिमग्यावर प्रकल्प लिहिताना: कोकणातल्या ग्रंथालयांत मानवशास्त्राची साधने कशी शोधावीत

कोकणावर मानवशास्त्राच्या अंगाने फारसे काही लिहिलेच गेलेले नाही, असे बीए-एमएची मुले दरवर्षी सांगतात. लिहिलेले पुष्कळ आहे, पण ते 'मानवशास्त्र' अशी पाटी लावून एका कपाटात ठेवलेले नाही. थोडे गॅझेटिअरमध्ये, म्हणजे सरकारने काढलेल्या जिल्हावार माहितीग्रंथांत आहे, थोडे जनगणनेच्या अहवालांत, थोडे मराठी विभागाच्या प्रबंधांत, थोडे देवस्थानच्या स्मरणिकेत. बरेचसे तर अशा नावांखाली आहे, जी आज आपण वापरत नाही. ते कुठे शोधायचे आणि कोणत्या क्रमाने, हे इथे सांगते. उदाहरण म्हणून शेवटपर्यंत एकच विषय धरला आहे: शिमग्याची, म्हणजे कोकणातल्या होळीच्या सणातली, ग्रामदेवतेची पालखी आणि तिच्याभोवतीचा मानपान. तुमचा विषय नारळी पौर्णिमेचा असेल, दशावताराचा असेल किंवा कातकऱ्यांच्या स्थलांतराचा असेल, तरी वाट हीच.

पहिली पायरी: विषयाचा प्रश्न करा

'कोकणातील शिमगोत्सव' एवढेच डोक्यात घेऊन ग्रंथालयात गेलात तर हाती सणांची वर्णने लागतील आणि निबंधही वर्णनाचाच होईल. आधी प्रश्न हवा. उदाहरणार्थ, 'मुंबईत स्थायिक झालेल्या चाकरमान्यांमुळे आमच्या गावातल्या पालखीच्या मानपानात काय बदल झाला?' आता हा प्रश्न फोडून पाहा. त्यात चार गोष्टी आहेत: एक, शिमग्याचा विधी; दोन, गावकर (गावातली जुनी प्रमुख घराणी), मानकरी (विधीत मान असलेले) आणि खोत (सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारे वतनदार) यांची व्यवस्था, म्हणजे जमीन आणि अधिकार; तीन, मुंबईकडे झालेले स्थलांतर; आणि चार, विधी या गोष्टीबद्दल मानवशास्त्र काय म्हणते तो सिद्धांताचा भाग.

वहीच्या पानावर चार रकाने पाडा. प्रत्येक रकान्याची साधने ग्रंथालयात वेगळ्या ठिकाणी असतात. बहुतेक प्रकल्प कमकुवत राहतात ते पहिला रकाना ओसंडून वाहतो आणि उरलेले तीन कोरे राहतात म्हणून. प्राध्यापकांनी दिलेला सूचनांचा कागदही याच वेळी पुन्हा वाचा. तज्ज्ञांनी तपासलेले लेख किती हवेत, संकेतस्थळे चालतील का, मराठी साधने चालतील का, हे आधी कळले तर पुढची धावपळ वाचते.

दुसरी पायरी: कोश उघडा आणि शब्द गोळा करा

कोशांच्या बाबतीत मराठी वाचक खरोखर भाग्यवान आहे. पं. महादेवशास्त्री जोशी यांनी संपादित केलेला भारतीय संस्कृतिकोश 10 खंडांचा आहे आणि तालुक्याच्या बऱ्याच वाचनालयांत तो असतो. स. मा. गर्गे यांनी संपादित केलेला भारतीय समाजविज्ञान कोश कॉलेजच्या संदर्भ विभागात पाहा. मराठी विश्वकोश तर ऑनलाइन मोफत आहे. निबंधात कोशातले उतारे भरायचे नाहीत. नोंदीखाली दिलेली संदर्भग्रंथांची नावे आणि नोंदीतले शब्द टिपायला कोश उघडायचा.

शब्दांची यादी मनापासून करा. होळी, हुताशनी, शिमगा, खेळे, नमन, संकासुर, गोमू, सहाण, मांड, रोंबाट, निशाण, मानकरी, गावकर, खोत, गुरव. दक्षिणेकडे सिंधुदुर्गात एक शब्द चालतो, उत्तरेकडे रायगडात दुसरा, आणि लिहिणाऱ्याने त्यातला कोणता वापरला हे आधी कळत नाही. 'शिमगा' टाकून काही मिळाले नाही म्हणून शोध सोडणारा विद्यार्थी 'नमन' टाकला असता तर दोन प्रबंधांपाशी पोचला असता.

तिसरी पायरी: जुनी नावे लिहून ठेवा

या पायरीवर जरा थांबा, कारण कोकणाच्या बाबतीत निम्मा शोध इथेच अडतो. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीच्या छापील साधनांत मालवण, वेंगुर्ले, कणकवली हे सगळे रत्नागिरी जिल्ह्यात सापडेल. सावंतवाडी हे संस्थान होते, त्यामुळे तिथली माहिती स्वतंत्र मथळ्याखाली आहे. रायगडचे नाव 1981 पर्यंत कुलाबा होते आणि मुरूडचा भाग जंजिरा संस्थानात मोडे. पालघर जिल्हा 2014 मध्ये झाला; डहाणू, वसई, जव्हार यांसाठी ठाणे पाहावे लागते, आणि जव्हार हेही संस्थान होते.

इंग्रजी स्पेलिंगचेही तसेच. सावंतवाडीचे स्पेलिंग जुन्या पुस्तकांत व्ही वापरून येते, आजच्या कागदांत डब्ल्यू वापरून. कोकण हा शब्द के ऐवजी सी ने सुरू झालेला दिसेल. शिमग्याचा शेवट ए ने होईल किंवा ओ ने. सगळे पर्याय यादीत लिहा आणि एकेक टाकून पाहा.

समाजांची नावे हा जास्त नाजूक भाग आहे. गाबीत, खारवी, भंडारी, कोळी, दालदी, सिद्दी, बेने इस्रायल यांच्याबद्दल जुन्या साधनांत जी नावे आणि विशेषणे येतात, त्यातली काही आज अपमानास्पद वाटतात, आणि ती तशी आहेतही. शोधताना जुने नाव टाकावे लागते, कारण अनुक्रमणिका त्याच नावाने केलेली आहे. लिहिताना मात्र तो समाज स्वतःला जे नाव देतो तेच वापरा. जुने नाव फक्त अवतरणात येऊ द्या.

चौथी पायरी: कपाटापर्यंत पोचा

कॉलेजच्या ग्रंथालयांत बहुतेक ठिकाणी ड्यूई दशांश पद्धतीचे क्रमांक असतात. 306 खाली संस्कृती आणि सामाजिक संस्था, 305.8 खाली वांशिक गट, 304.8 खाली स्थलांतर, 390 पासून पुढे चालीरीती, त्यातच 394.2 खाली सण-उत्सव आणि 398 खाली लोकसाहित्य. हिंदू धर्म 294.5 वर आहे, जमिनीचे अर्थशास्त्र 333 वर, कामगार 331 वर, दशावतार किंवा नमनाची रंगभूमी 792 वर. आपल्या चार रकान्यांसमोर हे क्रमांक लिहून टाका. जुन्या ग्रंथालयात आणखी एक क्रमांक विसरू नका: 572. ड्यूईच्या जुन्या आवृत्त्यांत मानवशास्त्र या क्रमांकावर होते. आज तिथे जीवरसायनशास्त्र असते. ज्या ग्रंथालयांनी जुन्या पुस्तकांचे क्रमांक बदलले नाहीत, तिथे 1950 च्या आसपासची मानवशास्त्राची पुस्तके विज्ञानाच्या कपाटात निवांत पडून असतात.

सार्वजनिक वाचनालयांची रीत वेगळी. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयाची परंपरा 1828 पासूनची आहे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिरही एकोणिसाव्या शतकातलेच. अशा ठिकाणी पुस्तके अनेकदा कथा, कादंबरी, चरित्र, धार्मिक, संकीर्ण अशा विभागांत आणि दाखल क्रमांकाने लावलेली असतात. तुमच्या कामाचे पुस्तक बहुधा 'संकीर्ण' किंवा 'धार्मिक' मध्ये असते. कोणा शिक्षकाने लिहिलेला गावाचा इतिहास, देवस्थानच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका, एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत, ज्ञातिसंस्थेचे मासिक, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा अंक. यातले बरेचसे संगणकावरच्या यादीत नसते, कधी कधी कुठल्याच यादीत नसते.

म्हणून ग्रंथपालांशी बोलावेच लागते, आणि नेमके बोलावे लागते. 'शिमग्यावर काही आहे का?' असे विचारण्यापेक्षा असे विचारा: 'संगमेश्वर तालुक्यातल्या ग्रामदेवतांबद्दल आणि मानकऱ्यांबद्दल काही स्मरणिका, कुलवृत्तांत किंवा स्थानिक इतिहासाची पुस्तके आहेत का? यादीत नसलेली, बांधून ठेवलेली असली तरी पाहायला आवडेल.' जन्मभर त्या पुस्तकांत वावरलेल्या माणसाला असा प्रश्न आला की ते स्वतः उठून माळ्यावरचा गठ्ठा काढतात. जाण्याआधी फोन मात्र करा. जुलै 2021 च्या पुरात चिपळूणच्या वाचनालयाच्या ग्रंथसंपदेची मोठी हानी झाली. किनाऱ्यावरच्या दमट हवेने आणि वाळवीने इतरत्रही कितीतरी गेले आहे. यादीत नाव आहे म्हणजे पुस्तक आहे असे धरून चालू नका.

पाचवी पायरी: मोठी आधारसाधने, आणि ती वाचायची कशी

कोकणावर काम करणाऱ्याने पाच साधने हाताळलीच पाहिजेत.

पहिले, जुने मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखालच्या मालिकेत रत्नागिरी आणि सावंतवाडीचा दहावा खंड 1880 मध्ये आला, कुलाबा आणि जंजिऱ्याचा अकरावा 1883 मध्ये, ठाण्याचा तेरावा 1882 मध्ये. विद्यार्थी लोकसंख्येचे प्रकरण उघडतात, जातींची वर्णने उतरवतात आणि खंड मिटतात. खोतीची सगळी गुंतागुंत मात्र जमीन महसुलाच्या प्रकरणात आहे, जत्रा आणि देवळे शेवटच्या गावांच्या नोंदींत आहेत. आपला दुसरा रकाना त्या महसुलाच्या प्रकरणाशिवाय भरतच नाही. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र सरकारने नव्याने काढलेल्या गॅझेटिअरमध्ये रत्नागिरी 1962 चे, कुलाबा 1964 चे. दोन्ही पिढ्यांचे खंड ऑनलाइन वाचता येतात. एकाच गावाची नोंद दोन्हीत काढून शेजारी ठेवा. आठ दशकांतला बदल समोर दिसतो. खोती रद्द करणारा कायदा 1949 चा आहे, म्हणजे हे दोन खंड त्या बदलाच्या अलीकडे-पलीकडे उभे आहेत.

दुसरे, आर. ई. एन्थोवेन यांचे मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवरचे तीन खंड, 1920 ते 1922 मधले. समाजवार नोंदी असल्याने शोधायला सोपे आहेत.

तिसरे साधन मला सर्वांत मोलाचे वाटते: एन्थोवेन यांनीच संकलित करून 1915 च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या लोकसाहित्याच्या टिपणांचा कोकणाचा खंड. त्यातली मूळ माहिती ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवली होती. नाशिकचे कलेक्टर असताना 1909 मध्ये ज्यांची हत्या झाली तेच हे जॅक्सन. माहिती दिली होती गावोगावच्या शाळामास्तरांनी, प्रश्नावलीला उत्तरे देऊन. तळटिपांत कुठल्या गावच्या मास्तरांनी काय सांगितले ते नोंदलेले आहे. ग्रामदेवता, भुतेखेते, झाडांची पूजा, पावसासाठीचे विधी, सगळे. शंभर वर्षांपूर्वी तुमच्या तालुक्यातल्या एका शिक्षकाने काय लिहून पाठवले हे वाचायला मिळणे ही साधी गोष्ट नाही. पण तिथेच पहिला प्रश्नही विचारा: त्या मास्तरांनी कोणाला विचारले असेल? ते कोणत्या समाजातले असतील? बायकांचे विधी त्यांना कितपत दिसले असतील?

चौथे, 1961 ची जनगणना. त्या वेळी आकडेवारीबरोबर निवडक गावांचे सविस्तर अभ्यासही झाले आणि महाराष्ट्रातल्या जत्रा-उत्सवांची जिल्हावार माहिती देणारा ग्रंथही निघाला. मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे खजिन्यासारखे आहे, आणि कोणी वापरत नाही, कारण 'जनगणना' म्हटले की सगळ्यांना फक्त आकडे आठवतात. आकडेही तिसऱ्या रकान्यासाठी हवेतच: जुन्या जनगणनांत मुंबईतल्या लोकांचा जन्मजिल्हा नोंदलेला आहे, त्यावरून रत्नागिरीचा माणूस गिरणगावात किती होता ते कळते.

पाचवे, भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'पीपल ऑफ इंडिया' प्रकल्पाचे महाराष्ट्राचे खंड. के. एस. सिंह यांच्या प्रमुख संपादनाखालचा हा प्रकल्प 1985 मध्ये सुरू झाला, महाराष्ट्राचे खंड 2004 मध्ये आले. नोंदी आटोपशीर आहेत, पण एन्थोवेनच्या नोंदीशी तुलना करायला नेमक्या उपयोगी.

विशिष्ट समाजांवर स्वतंत्र ग्रंथही आहेत. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरचा 1934 चा, विजया पुणेकर यांचा मुंबईच्या सोनकोळ्यांवरचा 1959 चा, डॉ. गो. स. घुर्ये यांचा महादेव कोळ्यांवरचा. घुर्ये मालवणचे, मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग 1919 मध्ये सुरू झाला आणि तो पुढे त्यांनी घडवला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एम. एन. श्रीनिवास यांचे कूर्गमधील धर्म आणि समाजावरचे 1952 चे पुस्तक चौथ्या रकान्यात घ्या. त्याच रकान्यात व्हिक्टर टर्नर यांचे विधीप्रक्रियेवरचे 1969 चे पुस्तक घ्या. एक देशी, एक परदेशी. पदवीच्या निबंधाला सिद्धांताचे एवढे बळ पुरते.

इथे एक धोका सांगायलाच हवा. त्रिंबक नारायण आत्रे यांचे गावाच्या व्यवस्थेवरचे 1915 चे 'गावगाडा' हाती आले की मुले हरखतात आणि त्यातली बलुतेदारी जशीच्या तशी कोकणावर लावतात. तो ग्रंथ थोर आहे, पण त्यातला गाव देशावरचा आहे, गावठाणात एकवटलेला, पाटील-कुलकर्ण्यांचा. आपला गाव वाड्यांत विखुरलेला, खोताचा, गावकरांचा. पालखी वाडीवाडीत, घरोघरी का फिरते या प्रश्नाचे उत्तरच त्या विखुरलेपणाशी जोडलेले असू शकते. देशावरच्या ग्रंथातून कोकणाबद्दल विधान करू नका, तुलनेसाठी वापरा.

सहावी पायरी: लेख आणि प्रबंध

शोधगंगा या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांचे प्रबंध मोफत मिळतात. तिथे समाजशास्त्रापुरते थांबू नका. नमन, जाखडी, दशावतार, ग्रामदेवता यांवरचे काम मुख्यतः मराठी विभागात झाले आहे. इतिहास आणि अर्थशास्त्र विभागांत खोती आणि स्थलांतर. देवनागरीतही शोधा आणि रोमनमध्येही. प्रबंध पूर्ण वाचू नका. प्रस्तावना, पूर्वसाहित्याचा आढावा आणि शेवटची संदर्भसूची एवढे आधी पाहा. चांगल्या प्रबंधाची संदर्भसूची म्हणजे कोणीतरी तुमच्यासाठी चार वर्षे केलेले काम.

इंग्रजी लेखांसाठी जेस्टोर या संशोधन-नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर स्वतःचे मोफत खाते काढले तर दर महिन्याला 100 लेख ऑनलाइन वाचता येतात. कॉलेज एन-लिस्टचे, म्हणजे कॉलेजांना ई-पुस्तके आणि ई-नियतकालिके पुरवणाऱ्या योजनेचे, सदस्य असेल तर त्याचे खाते ग्रंथपालांकडून मिळते. विचारणारे इतके थोडे असतात की कित्येक खाती कधी उघडलीच जात नाहीत. जानेवारी 2025 पासून संशोधन-नियतकालिके संस्थांना खुली करणारी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्राची योजना सुरू आहे. तुमची संस्था त्यात आहे का ते विचारून घ्या. 'कॉन्ट्रिब्यूशन्स टू इंडियन सोशिऑलॉजी', 'सोशिऑलॉजिकल बुलेटिन', 'मॅन इन इंडिया', 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' ही नियतकालिके ओळखीची करून घ्या. मराठीत वाईचे 'नवभारत' आणि 'समाज प्रबोधन पत्रिका' यांचे जुने अंक कॉलेजात बांधीव स्वरूपात असतात.

एक चांगला लेख मिळाला की त्याला दोन्ही दिशांनी धरा. त्याच्या संदर्भसूचीतून मागे जा, आणि गूगल स्कॉलरवर 'त्याचा उल्लेख करणारे लेख' उघडून पुढे या. तासाभरात जे हाती लागते ते नुसते शब्द टाकून आठवडाभर लागत नाही. संगणकावर एआयला प्रश्न विचारून पुस्तकांची नावे मिळवत असाल तर प्रत्येक नाव ग्रंथालयाच्या यादीत प्रत्यक्ष पडताळा. अस्तित्वात नसलेली पुस्तके छान नावांसह पुढे येतात, आणि तसे एक नाव जरी निबंधात गेले तरी बाकीच्या खऱ्या कामावरचा विश्वास उडतो.

सातवी पायरी: साधनाला प्रश्न विचारा

हे लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले, कोणाकडून ऐकले की आधीच्या पुस्तकातून उचलले? गॅझेटिअरमधले वाक्य एन्थोवेनमध्ये, तिथून पुढच्या सरकारी ग्रंथात आणि शेवटी संकेतस्थळावर आलेले अनेकदा दिसते. चार संदर्भ वाटतात, पण साक्षीदार एकच असतो. दुसरा प्रश्न, लिहिणाऱ्याला हे कशासाठी हवे होते? इंग्रज सरकारला महसूल आणि बंदोबस्त हवा होता. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा काळ लक्षात ठेवूनच त्या काळची समाजवर्णने वाचा. देवस्थानच्या स्मरणिकेला देवस्थानची थोरवी सांगायची असते, कुलवृत्तांताला घराण्याची. तरी ही साधने टाकाऊ नाहीत. मान कोणाचा याबद्दल स्मरणिका एक सांगते आणि शेजारच्या वाडीतले आजोबा दुसरे सांगतात, तेव्हा मानवशास्त्राचा विद्यार्थी त्यातले खरे कोणते हे ठरवायच्या घाईत नसतो. हा वाद का टिकून आहे, हे त्याला समजून घ्यायचे असते.

जवळ मिळाले नाही तर

मुंबईला जावे लागेल. कलिन्यातले मुंबई विद्यापीठाचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, फोर्टातील टाऊन हॉलमधली 1804 पासूनची एशियाटिक सोसायटी, 1898 चे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. एशियाटिकचा 'ग्रंथसंजीवनी' हा डिजिटल संग्रह घरबसल्या आधी चाळा. 1886 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या मानवशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकाचे जुने खंड इंटरनेट आर्काइव्हवर शोधा. आदिवासी समाजांवर काम असेल तर पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि डेक्कन कॉलेज. निघण्याआधी कॉलेजचे पत्र, ओळखपत्र आणि हव्या असलेल्या पुस्तकांची क्रमांकांसह यादी तयार ठेवा, आणि बाहेरच्या वाचकांसाठीच्या अटी फोनवर विचारून घ्या.

टिपणे

प्रत्येक साधन हातात असतानाच लेखक, वर्ष, प्रकाशक, पान आणि ते कोणत्या ग्रंथालयात पाहिले हे लिहा. झोटेरो हे संदर्भ नोंदवून ठेवायचे मोफत सॉफ्टवेअर देवनागरी नोंदी व्यवस्थित सांभाळते. स्मरणिकेचा फोटो काढाल तर मुखपृष्ठ आणि प्रकाशक मंडळाचे पानही काढा, नाहीतर नंतर संदर्भ देता येत नाही. नोंदीखाली तीन वाक्ये स्वतःच्या शब्दांत: यात काय आहे, कोणी कोणाकडून मिळवले, माझ्या कोणत्या रकान्यात बसते. स्मरणिकेत किंवा कुलवृत्तांतात आजच्या जिवंत माणसांची नावे, भाऊबंदकीचे वाद, कोर्टातले दावे असतील तर निबंधात नावे घालू नका, आणि तो भाग वापरण्यापूर्वी प्राध्यापकांना दाखवा.